बोडीतला देशी मागूर: थंडी, ऊन आणि पहिला पाऊस

आमचे मामंजी म्हणायचे, "मागुराला एकच गोष्ट मारते, कढई."

लग्न होऊन मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात आले तेव्हा मला ते पटायचंही. बाजारात टोपलीत दुपारपर्यंत बिनपाण्याचा पडलेला मागूर मासा संध्याकाळी घरच्या गंजात, म्हणजे पाण्याच्या पातेल्यात, सोडला की शेपटी हलवायला लागायचा. कल्ल्यांच्या वर त्याला झाडाच्या फांदीसारखं एक वेगळं अंग असतं, त्यातून तो सरळ हवा घेतो. बाकीचे बहुतेक मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. हा मधूनमधून वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि परत खाली जातो. अंगाला खवलं नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये तलाव आटला की चिखलात दबून बसलेला हाच सापडतो.

मग मी स्वतःची दहा गुंठ्यांची बोडी, म्हणजे लहान तळं, घेतली आणि चार वर्षांत दोनदा तोंडावर आपटले. एकदा थंडीत, एकदा बी, म्हणजे माशांची पिल्लं, सोडताना. त्यातून जे शिकले ते एवढंच, की मागूर घाण सोसतो, उडी सोसत नाही. पाणी गढूळ असो, शेवाळलेलं असो, त्याला चालतं. पण पाणी एकदम तापलं, एकदम गार झालं, किंवा ज्या वयात त्याला हवा घेताच येत नाही त्या वयात गरम झालं, तर तो रोहू-कतल्याइतकाच नाजूक. आमच्या गोंदिया जिल्ह्यात जानेवारीची पहाट सात-आठ अंशांवर उतरते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जाऊन भिडतो. म्हणून इथे मागूर पाळायचा तर खाद्याच्या पोत्याआधी थर्मामीटर घ्या.

त्याहीआधी बी देशीच आहे ना, ते बघा. थाई मागूर म्हणून जो विकतात तो आफ्रिकेतला मासा आहे आणि त्याच्या पालनावर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. तो भराभर वाढतो, दिसेल ते खातो, आणि पुरात निसटून तलावात गेला तर देशी माशांचं काही शिल्लक ठेवत नाही. ओळखायचं डोक्यावरून. देशी मागुराच्या डोक्याचं हाड मागे एका त्रिकोणासारखं निमुळतं होत जातं. थाईच्या हाडाची मागची कड कंगोरेदार असते, डोकंही लांबट आणि खरखरीत. बोटाएवढ्या पिल्लात हे पटकन कळत नाही, म्हणून बी देणाऱ्याकडचे मोठे नर-मादी बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर रिकाम्या हाताने परत या. देशी मागुराचं शास्त्रीय नाव क्लॅरियस मॅगुर. जुन्या पुस्तकांत क्लॅरियस बॅट्राकस सापडेल. जगातल्या धोक्यात आलेल्या जातींच्या लाल यादीत त्याचं नाव आहे. बिहारने त्याला राज्याचा मासा केलंय. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. इकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पापलेट कोणी पाहिलंय, ते विचारू नका.

आता बोडी. एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की गाळ काढा, पण सगळा नाही. वितभर राहू द्या, तो त्यातच आसरा घेतो. एका कोपऱ्यात, शक्यतो पश्चिमेच्या पाळीकडे (बांधाकडे), बोडीच्या तळापेक्षा आणखी तीन फूट खोल डबरा करा. माझा पंधरा बाय वीस फुटांचा आहे. मे महिन्यात आणि जानेवारीत सगळा माल त्या डबऱ्यातच असतो, त्यामुळे इथे कंजूषी नको. तळ उघडा पडला की दहा गुंठ्यांना वीस-पंचवीस किलो चुना पसरा आणि आठवडाभर ऊन खाऊ द्या.

डबऱ्यावर मांडव घाला. बांबूचे खांब रोवा, वर पळसाच्या फांद्या टाका, बुडाशी दोडक्याचा किंवा दुधीचा वेल लावा. मे महिन्यात वेलाचं पान कोमेजतं, तेव्हा सावली फांद्यांची. पावसाळ्यात वेलाला दोडके येतात, ते आपले. पाण्यावर थोडी जलपर्णी चालेल, पण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. मागुराला हवा घ्यायला वर यावं लागतं. पाण्याचं तोंडच झाकून टाकलं तर हा हवा पिणारा मासा पाण्यात गुदमरून मरतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

पाळीवर सगळीकडून नेट लावा, तीन फूट उंच, खालची कड वितभर मातीत पुरलेली. पहिल्या सरीला मागूर छातीच्या पंखांवर रेलत, अंग वळवत ओल्या पाळीवरून चक्क चालत जातो. माझ्या शेजाऱ्याचे शंभरेक मागूर एका रात्रीत धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पोचले होते आणि सकाळी बगळ्यांची जत्रा भरली होती.

थर्मामीटर. ताप मोजायचा नाही, तो पस्तीसच्या खालचं दाखवतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला काचेचा, शंभर अंशांपर्यंतचा घ्या. नुसता दोरीला बांधून तळाशी सोडला तर वर ओढेपर्यंत आकडा बदलून जातो. मी काय करते, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत थर्मामीटर उभा बांधते, बुडाशी मूठभर खडे टाकते आणि दोरीने बरणी डबऱ्यात सोडते. पंधरा मिनिटं तिथेच राहू देते. वर काढली की आत तळाचं पाणीच असतं आणि वाचेपर्यंत आकडा हलत नाही. दोरीला फुटाफुटावर गाठी आहेत, म्हणजे किती खोलीचं पाणी तेही कळतं.

दिवसातून दोनदा मोजा: सूर्य उगवायच्या आत आणि दुपारी तीनला. दोन्ही वेळा वरचं आणि तळाचं. चार आकडे वहीत लिहा. माझ्या वहीत मे महिन्यातल्या दुपारी वर सदतीस आणि डबऱ्याच्या तळाशी एकतीस अशी नोंद आहे. त्याच बोडीत, त्याच घडीला, चार-पाच फुटांच्या अंतरात. मासा स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, पाणी जेवढं तेवढाच तो. पण त्याला जागा बदलता येते, आणि आपण डबरा करतो तो त्यासाठीच. दुपारच्या वरच्या-खालच्या आकड्यांत पाच-सहा अंशांचा फरक असेल त्या दिवशी जाळं ओढून पाणी ढवळू नका. त्याची गार जागा तुम्ही मोडता आणि तळाची घाण वर आणता, दोन्ही एकदम.

आता बी. बोटाएवढं, आठ-दहा ग्रॅमचं पिल्लू घ्या. स्वस्त मिळतंय म्हणून तांदळाएवढं जिरं, म्हणजे अगदी कोवळी पिल्लं, आणू नका. कारण हवा घ्यायचं ते अंग जन्मतः तयार नसतं. अंड्यातून निघाल्यावर दहा-बारा दिवस पिल्लू इतर माशांसारखं फक्त पाण्यातल्या प्राणवायूवर जगतं. आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना जेमतेम ७. मोठा मागूर वर येऊन घोट घेईल, हे काय करणार? उबवणी केंद्रात म्हणूनच पाणी २७ ते ३० अंशांत ठेवतात आणि सतत खेळतं ठेवतात. आपल्या बोडीत ते होत नाही.

माझी पहिली चूक इथलीच. ऑगस्टमधली उघडीप होती, ऊन कडक. बी घेऊन गाडी दुपारी दोनला आली. पिशव्या प्राणवायू भरलेल्या, थर्माकोलच्या डब्यात, पाणी छान गार. गाडीवाल्याला पुढे जायची घाई, मलाही वाटलं मागूरच तर आहे. पिशव्या फाडल्या आणि पाळीवरून ओतल्या. पिल्लं दोन मिनिटं गोल गोल फिरली, काही उताणी झाली. संध्याकाळपर्यंत कडेला पांढरट दोऱ्यांसारखा थर दिसायला लागला. तेव्हा थर्मामीटर नव्हता माझ्याकडे, पण कडेच्या उथळ पाण्यात हात घातला तर चहा गार झाल्यावर असतो तसं कोमट लागत होतं. दोन हजारांतले दिवाळीला जाळ्यात पाचशेही निघाले नाहीत. बी देणाऱ्याशी भांडून झालं, पण चूक माझी होती.

म्हणून आता अशी पद्धत. बी संध्याकाळी सहानंतर किंवा पहाटेच उतरवून घ्यायचं, गाडीवाल्याला आधीच बजावून ठेवायचं. पिशवी न फोडता बोडीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवायची, तीही मांडवाखाली. मग तोंड उघडून आतलं आणि बोडीतलं, दोन्ही पाणी मोजायचं. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर दर दहा मिनिटांनी तांब्याभर बोडीचं पाणी पिशवीत घालत राहायचं. फरक मिटला की पिशवी आडवी करायची आणि पिल्लांना आपणहून जाऊ द्यायचं. ओतायचं नाही. सगळ्याला तास-दीड तास जातो, पोरं कंटाळतात. दहा गुंठ्यांत मी दोन हजारच सोडते, म्हणजे चौरस मीटरला दोन. जास्त सोडतात लोक, पण त्यांच्याकडे पाणी बदलायची सोय असते.

खाद्याचं गणित पोत्यावर छापलेलं असतं, अंगाच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के वगैरे. ते २६ ते ३१ अंशांचं गणित आहे. पाणी वीसच्या आसपास आलं की निम्मं करा. सतराच्या खाली गेलं की बंद, फार तर दुपारी दोन वाजता, ऊन चांगलं लागलेलं असताना मूठभर. गार अंगात पचतच नाही; खाल्लेलं पडून राहतं आणि न खाल्लेलं कुजतं. उलट बाजूला तेहतीसच्या वर गेलं की दिवसाचं खाद्य बंद करून फक्त अंधार पडल्यावर द्या. तसाही हा रात्री चरणारा मासा. मी धानाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि सुक्या मासळीचा चुरा मळून गोळे करते आणि जुन्या टोपलीत ठेवून तळाशी सोडते. तासाने टोपली वर काढली की किती खाल्लं ते दिसतं. टोपलीत उरलेला गोळा हा त्या दिवशीचा सगळ्यात खरा निरोप असतो.

हिवाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपण सगळे उन्हाळ्याला घाबरतो आणि मार खातो हिवाळ्यात.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आधी पैशाची गरज होती. पहाटे जाळं ओढलं, मोठे काढले, लहान परत सोडले. आठ दिवसांनी परत सोडलेल्यांच्या अंगावर लाल ठिपके आले, मग ठिपक्यांच्या जखमा, आतलं मांस दिसेल एवढ्या. हा चट्ट्यांचा रोग. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडून शिरला. एक बुरशी तो करते आणि पाणी गार झालं की तिचं फावतं, कारण त्याच वेळी माशाची अंगची ताकद मंदावलेली असते. मागुराला खवल्यांचं चिलखत नाही, त्याचं चिलखत म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. जाळ्याने तो खरवडला गेला की बुरशीला दार उघडं. घाण पाण्यात वर्षभर मजेत राहिलेले मासे मी एका गार पहाटेच्या जाळ्याने घालवले.

तेव्हा: डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत जाळं नको. विकायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच काढा किंवा फेब्रुवारीपर्यंत थांबा. दिवाळी झाली की दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो चुना भिजवून, पूर्ण निवल्यावर पाण्यात शिंपडा; महिन्याने पुन्हा एकदा. चट्टे दिसलेच तर भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंगा इथल्या केंद्रीय मत्स्यसंस्थेने काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध येतं, ते बाटलीवरच्या मात्रेने द्या. एखाद-दुसराच मासा जखमी असेल तर दहा लिटरच्या बादलीत पाव किलोला थोडं कमी, दोनशे ग्रॅम मीठ घालून त्यात दोन मिनिटं ठेवा. तो लवंडायला लागला तर त्याआधीच काढा. थंडीची लाट आली की पहाटे चार ते सहा विहिरीची मोटर डबऱ्यात सोडा. हिवाळ्यात विहिरीचं पाणी बोडीपेक्षा बरंच कोमट असतं. वाफ निघते त्यातून. मामंजी तिथेच हात शेकत उभे राहायचे.

तीच विहीर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापल्या दिवसांत, उलटी वापरायची. तेव्हा तिचं पाणी बोडीपेक्षा गार असतं, पण म्हणून भर दुपारी धो-धो सोडायचं नाही. रात्री दहानंतर, पाइपला भोकं पाडून, पावसासारखं. एका रात्रीत पाणी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका. आणि उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं म्हणून कोणी चुना टाकायला सांगितलं तर ऐकू नका. पाणी तापलेलं असताना चुन्याने त्याचा अल्कपणा वाढला की विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार झालेला अमोनिया जास्त विषारी होतो. एकाच चुन्याचा नोव्हेंबरमध्ये औषध म्हणून उपयोग आणि मे महिन्यात तोच घातकी.

पहिला पाऊस. तापलेल्या बोडीवर वळवाची गार सर पडली की वरचं पाणी जड होऊन खाली जातं आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी रोहू-कतले तोंड वर करून मरतात. मागूर हवेवर निभावून नेतो, पण दोन दिवस खात नाही. तुम्हीही घालू नका. पावसाचा पाट थेट डबऱ्यात येऊ देऊ नका, बोडीच्या उथळ बाजूने फिरवून आणा, म्हणजे पाणी वाटेतच निवतं किंवा तापतं.

मागुराची वीण जून ते ऑगस्ट, पावसाच्या भरवशावर. धानाच्या बांधीत गुडघ्याखालच्या पाण्यात तो धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला बीळ करतो, मादी अंडी घालते आणि नर राखण बसतो. मामंजींच्या लहानपणी मृगात झड लागली की पोरं धुऱ्यात हात घालून बिळं चाचपायची. आता मृगात दोन सरी येतात आणि पंधरा दिवस उघडीप. उथळ बिळातलं पाणी तापतं, आटतं, अंडी वाया. मादीला पाऊस मिळालाच नाही तर पोटातली अंडी पोटातच जिरतात. त्यात धानावरच्या फवारणीची भर.

घरी इंजेक्शन देऊन बी काढायच्या फंदात मी पडत नाही. मादीची अंडी पोट दाबून काढता येतात, पण नराचं वीर्य तसं येत नाही, त्यासाठी नर कापावा लागतो. एवढं करून जन्मलेली पिल्लं त्या पहिल्या दहा-बारा दिवसांत गेली तर हाती काय? त्यापेक्षा बोडीला लागून एक बांधी मोकळी ठेवली आहे. तिच्यात दहा इंच पाणी, कडेला गवत, फवारणी अजिबात नाही, आणि उघडीप पडली की रात्री विहिरीच्या पाण्याने पातळी राखायची. सगळ्या वर्षी जमत नाही. गेल्या वर्षी धुऱ्यात तीन बिळं सापडली. मी हात घातला नाही, वर फक्त एक पळसाची फांदी टाकली.

त्यासाठी मे महिन्यात बोडी रिकामी करताना सगळा माल विकू नका. नवतपा लागायच्या आधी, पहाटे, ओल्या पोत्यात भरून मागूर बाजारात पोचवा. जिवंत असला तरच त्याला भाव. धरताना डोक्यामागून धरा, छातीच्या पंखाचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो. पण दीड-दोनशे ग्रॅमच्या वरच्या दहा-बारा माद्या आणि तेवढेच नर डबऱ्यात राहू द्या. पोटाखाली बघा: नराच्या गुदद्वारामागचा कोंब लांब आणि टोकदार, मादीचा गोल, बटणासारखा. अंधारात चाचपून ठरवू नका, पहिल्या वर्षी मी बारा नर ठेवले होते.